रोज रात्रीची कुस्ती : विशेष मुलांचे दात

रंकाळ्याकाठी | सोमवार, रात्री ११.५०

नमस्कार. दोन-तीन वर्षं इथं नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. ऑटिझम आहे, बोलत नाही. गणपती झाल्यावर त्याचं वागणं अचानक बिघडलं. उजव्या गालावर स्वतःच चापट्या मारायचा, रात्री दोनला उठून बसायचा, भाकरी सोडून नुसत्या दूधभातावर आला. थेरपीत विचारलं तर म्हणाले, लक्ष वेधून घेण्यासाठी करतोय, दुर्लक्ष करा. मी केलं दुर्लक्ष. पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी सकाळी गाल टम्म सुजलेला.

पहिल्या दवाखान्यात मशीनचा आवाज आला आणि हा कान झाकून फरशीवर आडवा झाला. बाहेर बसलेल्या बायका मान उंच करून बघत होत्या. डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे असल्या मुलांचं होत नाही." फी घेतली नाही, एवढं मात्र खरं. दुसरीकडे नवऱ्यानं घट्ट धरलं आणि डॉक्टरबाईंनी बॅटरीच्या उजेडात अर्धा मिनिट बघितलं. सहा दात किडलेत, एकाच्या मुळाशी पू आहे. पाच दिवसांचं औषध दिलं, सूज उतरली. पण त्या म्हणतात, सगळे दात एकदमच करावे लागतील, पूर्ण भूल देऊन, ऑपरेशन थिएटरमध्ये.

घरी सासूबाईंचं म्हणणं, दुधाचे दात पडणारच आहेत की, त्यासाठी पोराला बेशुद्ध कशाला करायचं? नवरा उद्यमनगरात फौंड्रीत आहे, पाळी संपवून येतो, म्हणतो "तू म्हणशील तसं." ऐकायला बरं वाटतं हे, पण उद्या काही झालं तर मी म्हटलं होतं म्हणून झालं, असाच त्याचा अर्थ आहे.

आणि आता जे कुणालाच सांगितलं नाही ते. तीन महिने मी त्याचे दात घासलेले नाहीत. आधी रोज रात्री आमच्याकडं कुस्त्यांचं खासबाग मैदान असायचं. त्याचे पाय माझ्या मांडीखाली, हात नवऱ्याच्या हातात, ब्रश आत गेला की हा कचकन चावणार. एकदा ओकारी झाली, त्याच्या आणि माझ्या दोघांच्या अंगावर. त्या रात्री म्हटलं, आज राहू दे. ते "आज राहू दे" तीन महिने चाललं. डॉक्टरबाईंनी विचारलं, रोज ब्रश करता ना? मी हो म्हणाले.

भूल देऊन दात केलेलं कुणी आहे का इथं? आणि तुम्ही घरी घासता तरी कसे?

तांबडापांढरा | सोमवार, रात्री १२.०५

ताई, मला यातलं काही कळत नाही. धागा वर राहावा म्हणून लिहितोय. झोपा आता.

इचलकरंजीची_वीणकर | मंगळवार, सकाळी ६.४०

अगं, तो "हो" आम्ही सगळ्याच म्हणतो. खरं सांगणारी आई मला अजून भेटायचीय.

माझी लेक अकरा वर्षांची, डाउन सिंड्रोम. आमची गोष्ट जरा वेगळी. तिचे दुधाचे दात मुळातच उशिरा आले, दीड वर्षापर्यंत बोळकंच होतं. कायमच्यातले दोन तर तयारच झालेले नाहीत, एक्स-रेत जागा रिकामी दिसते. कीड फार नाही, पण हिरड्यांतून रक्त येतं. मला वाटायचं मी जोरात घासते म्हणून येतंय, म्हणून मी घासणं कमी केलं. नेमकं उलटं करायला हवं होतं. या मुलांच्या हिरड्या लवकर खराब होतात आणि न घासल्यानं रक्त वाढतं, हे कळायला आम्हाला दोन वर्षं गेली.

भुलीबद्दल : आमचा एक दात काढायचा होता. हृदयाला लहानपणी भोक होतं, म्हणून आधी हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणायला लावली. भूलतज्ज्ञांनी मानेबद्दलही विचारलं, कारण डाउनच्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, डोकं मागं फार झुकवायचं नसतं. मला हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं. तुझ्या लेकाला यातलं काही लागू नाही, पण कुणी डाउनवाली आई वाचत असेल तर तिच्यासाठी लिहिलं.

जुनंखोड | मंगळवार, सकाळी ८.१५

आमच्या वेळी कुठला पेस्ट आणि कुठला ब्रश. कडुनिंबाची काडी, नाहीतर राखुंडी. वयाच्या सत्तरीत मी ऊस सोलून खातो. दुखत्या दातात लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवा आणि साखर बंद करून गूळ द्या. गुळानं दात किडत नाहीत. भुलीच्या नादाला लागू नका, यात पैशाचे धंदे आहेत.

स्पष्टच_बोलतो | मंगळवार, सकाळी ९.३०

राग मानू नका, पण तीन महिने दात न घासणं हा निष्काळजीपणाच आहे. मूल विशेष आहे म्हणून आईनं जास्त लक्ष द्यायला हवं. मोबाईलवर इथं लिहायला वेळ मिळतो, तर

[उरलेला मजकूर काढला आहे. धाग्यावर माहिती द्या, आईची परीक्षा घेऊ नका. — संपादक]

गडहिंग्लजकर | मंगळवार, दुपारी १.२०

स्पष्टच_बोलतो, माझीही लेक आहे, १३ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळं स्नायूंवर ताबा नाही. ती १० वर्षांची होईपर्यंत मी तिच्या दातांना एकदाही ब्रश लावला नव्हता. एकदाही. तेव्हा मला कुणी निष्काळजी म्हटलं नाही, कारण मी बाप. बायकोचं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर, तेव्हा ते काम माझ्याकडं आलं. पहिल्या रात्री पोरीनं माझं बोट असं धरलं की नख काळं पडलं. ओढून काढायला गेलो तर आणखी घट्ट. नंतर फिजिओच्या मॅडमनी सांगितलं, तो चावा ती मुद्दाम घेत नाही, दातांना काही लागलं की जबडा आपोआप मिटतो. ओढायचं नाही, थांबायचं, ढिला होतो. आणि बोट आत घालायचंच नाही. आता मी आइस्क्रीमच्या चपट्या काड्या चार-पाच एकावर एक ठेवून वर जाड पट्टी गुंडाळतो, ती एका बाजूच्या दाढांत ठेवतो आणि दुसऱ्या बाजूनं घासतो.

तिला आडवी करून घासू नका, हे माझ्यासारख्या पालकांना सांगायचंय. आडवी असली की फेस घशात जातो, ठसका लागतो, मग ती घाबरते आणि आपल्याला वाटतं हट्ट करते. मी चाकाच्या खुर्चीतच बसवतो, मागं उभा राहतो, तिचं डोकं माझ्या पोटाला टेकवतो, हनुवटी डाव्या हातात. पेस्ट नावापुरती. चूळ भरता येत नाही, म्हणून शेवटी ओल्या कापडानं पुसून घेतो.

सहा आठवडे झाले, बायकोचं प्लास्टर निघालं, पण ब्रश माझ्याकडंच राहिला. दिवसभर पोरगी तिच्या अंगावर असते, रात्रीची ती पाच मिनिटं तरी बायको खुर्चीत टेकून बसते. ताई, तुमच्या मालकांना हे वाचायला द्या. फौंड्रीत लाल लोखंड ओतणाऱ्या माणसाला ब्रश जड नाही.

दातखिळी | मंगळवार, रात्री १०.३०

मी लहान मुलांची दंतवैद्य आहे, सांगली भागात. नाव-पत्ता देणार नाही, जाहिरात नको.

रंकाळ्याकाठी ताई, आधी एक गोष्ट. न बोलणारं मूल अचानक गाल मारतं, झोप उडते, खाणं बदलतं, एकाच बाजूनं चावतं, गार पाण्याला तोंड वळवतं, तेव्हा वागणूक म्हणण्याआधी कान, दात आणि पोट बघायचं असतं. ते तुम्हाला सांगायचं काम ज्यांचं होतं त्यांनी ते केलं नाही. ते पंधरा दिवस तुमच्या एकटीच्या खात्यावर मांडू नका.

दुधाचे दात पडणारच, हे खरंय. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तुमचा मुलगा आठचा, म्हणजे अजून दोन-चार वर्षं त्याला त्यांच्यावर जेवायचंय. त्यांच्या खालीच कायमचे दात तयार होत असतात आणि मुळाशी पू राहिला तर त्यांना इजा होऊ शकते. औषधानं सूज उतरली म्हणजे आजार गेला असं नाही, दाताच्या आतलं कारण तिथंच आहे. सूज परत येईल, आणि कधी डोळ्याकडं किंवा गळ्याकडं पसरली, ताप आला, गिळता येईनासं झालं, तर थांबायचं नाही, रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

अजून एक, जे बहुतेक आयांना माहीत नसतं. सहाव्या वर्षाच्या सुमाराला सगळ्यांत मागं एक दाढ येते. कुठलाही दात न पडता येते, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते. ती किडली तर तिच्यामागून दुसरी येत नाही. भुलीत ती नीट बघायला सांगा आणि खाचा खोल असतील तर त्या बुजवून घ्या.

भुलीबद्दल घाबरणं चूक नाही. पण भूल खुर्चीवर बसवून देतात का थिएटरमध्ये, भूलतज्ज्ञ लहान मुलांना नेहमी भूल देणारे आहेत का, काही झालं तर मुलांचा अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का, हे विचारा. विचारल्यावर चिडणारा डॉक्टर बदलून टाका. आधी बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी आणि रक्ताच्या चाचण्या होतात. सर्दी-खोकला असेल तर तारीख पुढं ढकलतात, त्यात वाईट वाटून घेऊ नका. जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी साधारण दोन तास आधी बंद. या मुलाला उपास समजावता येत नाही, म्हणून सकाळचा पहिला नंबर हट्टानं मागा. झटक्याचं औषध चालू असेल तर ते मनानं बंद करायचं नाही, कधी द्यायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील.

जुनंखोड काका, ऊस सोलून खाता, दात चांगले आहेत तुमचे, पण गुळाचं जरा चुकलं. तोंडातल्या जंतूंना गूळ आणि साखर यांत फरक कळत नाही, आणि गूळ चिकट, तासभर दाढेत बसून राहतो. लवंगेचं तेल लहान मुलाच्या हिरडीला भाजतं, ते नको. आणि मिश्री, तंबाखू भाजून केलेली, ती पोरांच्या जवळपाससुद्धा नको. माझ्याकडं आज्जीच्या मिश्रीत बोट बुडवणारी पोरं येतात, म्हणून बोलले.

जुनंखोड | बुधवार, सकाळी ७.५०

मिश्रीचं कुणी म्हटलं? मी राखुंडी म्हटलं. बाकी गुळाचं ऐकून घेतलं.

रंकाळ्याकाठी | बुधवार, सकाळी १०.१०

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. दहा-बारा वर्षांपर्यंत दाढा असतात हे ऐकून त्या गप्प झाल्या. नंतर स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मग मला आधी कुणी सांगायचं होतं की." मी शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर हिशेब लिहिते, घरात खडे कायम असतात. तो रडला की त्याची आज्जी गुळाचा खडा तोंडात घालते. मीही थांबवलं नाही, कारण खडा तोंडात असेपर्यंत घर शांत असतं.

गडहिंग्लजकर दादा, वाचायला दिलं. काही बोलले नाहीत. "चपट्या काड्या कुठं मिळतात" एवढंच विचारलं.

फळाखडू | बुधवार, दुपारी ३.००

मी विशेष शिक्षिका. १४ वर्षं शिकवतेय. हा धागा वाचून दोन दिवस झाले, लिहावं का नको चाललं होतं.

तो बसला, एक चॉकलेटची गोळी. रंग ओळखला, एक गोळी. टाळी वाजवली, एक गोळी. आम्ही शिकवायची रीत हीच. एका तासात पंधरा-वीस गोळ्या सहज जातात. तासाला एकदा दहा गोळ्या खाणं आणि दर पाच मिनिटांनी एक खाणं यात दातासाठी दुसरं जास्त वाईट, कारण तोंड कधी स्वच्छच होत नाही. हे मला कळलं ते वर्गातल्या एका मुलाचे पुढचे चारही दात तपकिरी झाल्यावर. त्याच्या आईनं मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

आता मी फुटाणे, चुरमुरे, साबणाचे फुगे, पाठीवर जोरात दाब, भिंगरी, असलं काहीतरी वापरते. प्रत्येक मुलाचं वेगळं निघतं. एकाला माझ्या बांगड्यांचा आवाजच बक्षीस आहे. चॉकलेट एवढं सोपं असतं की शोधायचं आपण सोडूनच देतो.

ऑटिझमच्या मुलांना ब्रशची सवय : थेट तोंडापासून सुरू करू नका. आठवडाभर नुसता ब्रश हातात. मग दंडावर फिरवायचा, मग गालावर, मग ओठाला लावून लगेच बाजूला. एखाद्या पायरीवर पंधरा दिवस गेले तर जाऊ द्या. पेस्ट बिनचवीची बघा किंवा सुरुवातीला पेस्टच नको. पुदिन्याची चव आपल्याला ताजी वाटते, यांच्यातल्या कितीतरी मुलांना ती तिखट लागते. आरशासमोर चित्रांची पट्टी लावा, पहिल्यांदा ब्रश, मग वरचे दात, मग खालचे, मग पाणी, मग आवडती गोष्ट. आणि मोठ्यानं मोजायचं. एक ते दहा, संपलं. दहा म्हटलं की ब्रश बाहेर आलाच पाहिजे, दात राहिले असले तरी. एकदा अकरा मोजलंत की त्याचा तुमच्यावरचा विश्वास गेला.

दातखिळी | बुधवार, रात्री ९.१५

फळाखडू मॅडम, दहावर थांबायचं हे मी आता माझ्या खोलीत लिहून लावणार.

पेस्टचं थोडं : फ्लोराइड असलेलीच घ्या, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढं वाटाण्याएवढी. चव चालत नसेल तर सवय होईपर्यंत ब्रश पाण्यात बुडवून. थुंकता येत नाही म्हणून पेस्ट पूर्ण बंद करणारे पालक भेटतात. एवढीशी पेस्ट गिळली तरी काही होत नाही.

दोन वेळा शक्य नसेल तर रात्रीचा एक धरा आणि तो सोडू नका. झोपेत लाळ कमी होते. झटक्यांची, खोकल्याची गोड सिरपं ब्रशच्या आधी द्या, नंतर नाही. ब्रश करून झोपवताना चमचाभर सिरप पाजायचं म्हणजे रात्रभर दातांवर साखरेचं पाणी. गोळी चालत असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. फिटच्या एका जुन्या औषधानं, फेनिटॉइननं, हिरड्या वाढून दातावर येतात. तसं दिसलं तर औषध बंद करायचं नाही, मेंदूविकार डॉक्टरांना दाखवायचं. लाळ गळू नये म्हणून औषध चालू असेल तर तोंड कोरडं पडतं आणि कीड वाढते, अशा मुलाला मी तीन महिन्यांनी बोलावते.

जयसिंगपूरचा_मामा | गुरुवार, सकाळी ११.००

भाच्यासाठी विचारतोय, ५ वर्षांचा, ऑटिझम. डॉक्टरांनी दातावर काळं होणारं औषध लावू म्हटलंय. ताई घाबरलीय, पुढचे दात काळे दिसतील म्हणते. लावावं का?

दातखिळी | गुरुवार, दुपारी २.४०

सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड म्हणतायत ते. कोरून न काढता कीड थांबवतं. ब्रशनं मिनिटभर लावायचं, सुई नाही, मशीन नाही. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, चांगला भाग पडत नाही. साधारण सहा महिन्यांनी परत लावावं लागतं. मुळाशी पू असेल, दात दुखत असेल, तर याचा उपयोग नाही. ५ वर्षांच्या, खुर्चीवर न बसणाऱ्या मुलाला भूल टाळायला किंवा दोन वर्षं पुढं ढकलायला मी स्वतः हे खूप वापरते. काळ्या दाताला लोक बोलतील. बोलू द्यायचं का, ते तुमच्या ताईनं ठरवायचं, मी नाही.

गडहिंग्लजकर | गुरुवार, रात्री ९.००

पैशाचं आणि कागदाचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

निरामय नावाचा विमा आहे, राष्ट्रीय न्यासाचा. १९९९ च्या कायद्यानं झालेला न्यास. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चौघांसाठी. वर्षाला एक लाखापर्यंत. विमा काढताना वैद्यकीय तपासणी नाही. त्यात ओपीडी आहे, थेरपी आहे आणि दातांच्या प्रतिबंधक उपचारासाठी वेगळी रक्कम आहे, हे मला तीन वर्षं हप्ता भरल्यावर कळलं. न्यासाकडं नोंदणी असलेल्या संस्थेतून अर्ज जातो. मूळ बिलं जपून ठेवा, झेरॉक्सवर काही होत नाही.

दुसरं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २५ मध्ये तपासणीत आणि उपचारात प्राधान्य द्यायचं लिहिलंय. मी सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, ठेवतो आणि कलमाचा आकडा सांगतो. आधी विनंती करायचो, तेव्हा "सगळेच आजारी आहेत" ऐकायला मिळायचं. आता कधी पुढं घेतात, कधी घेत नाहीत, पण पोरगी समोर असताना हात जोडायचं मी बंद केलंय.

तिसरं, दातांचं मोठं काम बाहेर महाग पडतं. नवे पारगावला दंत महाविद्यालय आहे, वाठारवरून वारणेच्या रस्त्याला. सांगलीला आहेत, कऱ्हाडला आहे, गडहिंग्लज-चंदगडकरांना बेळगाव जवळ. दंत महाविद्यालयात लहान मुलांचा वेगळा विभाग असतो. वेळ जास्त लागतो, पण शिकणारी पोरं-पोरी असतात, त्यांना घाई नसते. माझ्या लेकीला पहिल्या दिवशी नुसतं खुर्चीवर वर-खाली फिरवलं तिथल्या एका मुलीनं, अर्धा तास. दुसऱ्या वेळी दात मोजले.

तांबडापांढरा | गुरुवार, रात्री ९.२०

कलम २५ टिपून घेतलं. चुलतभावाच्या पोराला उपयोगी पडेल.

रंकाळ्याकाठी | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४.३०

झालं एकदाचं. दिवाळीच्या आत करून घेतलं. सविस्तर लिहिते, कारण मी हेच शोधत होते आणि कुठं मिळत नव्हतं.

पहाटे पाचला उठवलं. आदल्या रात्रीच घरातल्या पाण्याच्या बाटल्या, फळं, डबे सगळं सासूबाईंनी कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं. धाकटीलाही त्याच्यासमोर दूध दिलं नाही, ती बिचारी मावशीकडं जाऊन प्यायली. गाडीत तो पाण्याची खूण करत राहिला, हात ओठाला लावत. ती पाऊण तासाची वाट सगळ्यांत वाईट. आतला काळ त्यामानानं सोपा गेला.

आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बाहेर बाकावर न बसवता थेट आत घेतलं. गुंगीचं सिरप दिलं, निम्मं त्यानं माझ्या साडीवर थुंकलं, निम्म्यानं काम झालं. आत त्याला बाबांनी उचलून नेलं. बाहेर येऊन हे भिंतीकडं तोंड करून शर्टाची बाही खाली-वर करत उभे राहिले. वीस वर्षं फौंड्रीत काम करणारा माणूस.

अडीच तास लागले. बॅटरीत सहा दिसले होते, एक्स-रेत आठ निघाले. दोन काढले, चारांवर स्टीलच्या टोप्या, दोघांत सिमेंट. मागच्या कायमच्या दाढांच्या खाचा बुजवल्या. दातखिळी डॉक्टर, तुम्ही लिहिलं नसतं तर मी विचारलंच नसतं. भूल उतरताना मात्र तासभर किंचाळत होता, मला ओळखत नव्हता. नर्स म्हणाल्या असं होतं कधीकधी. कुणी करणार असाल तर हे माहीत असू द्या, मला माहीत नव्हतं आणि मी फार घाबरले.

त्या रात्री तो नऊ तास झोपला. गणपतीनंतर पहिल्यांदा. मी झोपले नाही, सवय गेलीय. तिसऱ्या दिवशी भाकरीचा पापुद्रा खाल्ला.

खर्चाचं विचारू नका, एक बांगडी गेली. निरामयचा अर्ज आता केलाय.

आता खरं काय ते. सगळे म्हणतायत, सुटलीस बाई. मला तसं वाटत नाही. तो गालावर मारत होता तेव्हा मी भिंतीकडं बघत बसायचे, कारण दुर्लक्ष करा म्हटलं होतं, ते आठवतं. कपडे वाळत घालताना आठवतं. अडतीवर बेरीज करताना आठवतं. दात झाले, पण हे कधी उतरणार ते मला माहीत नाही.

इचलकरंजीची_वीणकर | रविवार, सायंकाळी ६.१०

अगं, मला माझ्या लेकीच्या हिरड्यांचं अजून आठवतं, आणि त्याला पाच वर्षं झाली. पूर्वी रोज आठवायचं, आता महिन्यातून एकदा. तेवढंच सांगू शकते. फोन नंबर निरोपात पाठवते. रात्री साडेदहानंतर माग बंद झाला की मी मोकळी असते, बोलायचं नसलं तरी कर.

फळाखडू | रविवार, रात्री ८.००

ज्या थेरपीत दुर्लक्ष करा म्हणाले त्यांना सांगितलंत का? भांडायला नाही. पुढच्या मुलाच्या वेळी आधी दात बघतील.

रंकाळ्याकाठी | सोमवार, रात्री ११.१५

सांगितलं आज. मॅडम थोडा वेळ गप्प बसल्या, मग सॉरी म्हणाल्या. भरती होतानाच्या फॉर्ममध्ये "दात कधी तपासले" अशी ओळ घालतो म्हणाल्या. बघू.

ब्रशचं : दंड झाला, गाल झाला, ओठावर आलोय. मोजायचं काम बाबांकडं आहे. काल हे चुकून अकरा म्हणाले तर त्यानं ब्रश काढून बादलीत टाकला. गुळाचा डबा सासूबाईंनी स्वतः स्टुलावर चढून माळ्यावर ठेवलाय. मी नको म्हणत होते, पडतील म्हणून.

तीन महिन्यांनी दाखवायचंय. पारगावला जाऊन बघावं म्हणतेय, पुढच्या गुरुवारी नुसतं खुर्चीवर बसवून आणायला.

जयसिंगपूरचा_मामा | मंगळवार, सकाळी ७.३०

पुढच्या गुरुवारी आम्हीही तिथंच चाललोय, भाच्याचं ते काळं औषध लावायला. ताई तयार झाली. तुम्ही किती वाजता निघणार? दोन पोरं बरोबर असली तर बरं पडेल. वाठारला थांबतो.

रंकाळ्याकाठी | मंगळवार, सकाळी ७.४५

सव्वाआठपर्यंत वाठारला येतो. त्याला गाडी थांबलेली आवडत नाही, तेवढं तयारीत राहा. धपाटी आणते, तुम्ही काही आणू नका.

जुनंखोड | मंगळवार, सकाळी ८.००

धपाट्याबरोबर दही न्या. गूळ नको.